जाड, गोल आणि कलते : बाळबोध शीर्षाक्षरांच्या वळणाचा विचार

दुकानांच्या पाट्या, भित्तिपत्रके आणि जाहिराती यांतील मोठ्या अक्षरांत जाडी, गोलाई आणि कल हे तीन गुण पुष्कळदा एकत्र आढळतात. तथापि त्यांचा उगम एक नाही. पहिल्या दोहोंना बाळबोध लेखनपरंपरेचा आधार आहे. तिसऱ्यास तो नाही. हा भेद तपासण्यास खानदेशातील साधने विशेष उपयुक्त आहेत.

धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९०५ मध्ये दासबोधाची संशोधित आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, मोकळे व शाईने गडद असावे, असे तेथे सांगितले आहे. परंतु त्याचबरोबर ते सरळ असावे आणि काने-मात्राही नीट असाव्यात, असाही आग्रह आहे. म्हणजे गोलाई आणि गडदपणा हे गुण मान्य. कल मात्र अमान्य.

मग मराठी हाताला कल ठाऊकच नव्हता काय? तसे नाही. मोडीत लेखणी शक्य तितकी न उचलता लिहावयाचे असल्याने अक्षरांना गोलाई येते, आणि काही हातांत ती उजवीकडे कलतात. हा कल ठसठशीतपणासाठी नव्हे, तर वेगातून आलेला आहे.

मुद्रणाने हा वेग टिकविला नाही. श्रीरामपूर येथे १८१० मध्ये केरी यांचा मराठी कोश मोडी ठशांनी छापला गेला खरा. परंतु सुट्या खिळ्यांत धावत्या लेखणीची सलगता राहणे कठीण होते. पुढे ग्रंथमुद्रणात बाळबोधच रूढ झाली. जळगावहून १८८७ पासून निघणाऱ्या 'काव्यरत्नावली'तून नवी कविता वाचकांपर्यंत पोहोचली ती बाळबोधातच. १८९८ पासून निघालेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांत राजवाड्यांनी मोडी पत्रे बाळबोधात छापली. मजकूर वाचला, हाताचे वळण लोपले.

रोमन लिपीत मात्र व्हेनिसच्या आल्डस मानुटियसने १५०१ मध्येच कलत्या हस्ताक्षरावरून ठसा घडविला होता. बाळबोधास तसा कल देताना अडचण येते. शिरोरेषा आडवीच राहते, काना तेवढा झुकतो. वेलांटी व रफार शेजारच्या अक्षरावर जातात. धातूच्या खिळ्यात असा बाहेर आलेला भाग सहज तुटे. रंगाऱ्याच्या कुंचल्याला ही अडचण नव्हती. म्हणून जाड, गोल व कलते अक्षर पाटीवर सुखाने नांदले.

संगणकाने खिळ्याचे बंधन काढले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मोदक' व 'बालू' हे टंक जाडी आणि गोलाई यांचे उत्तम नमुने होत. दोन्ही मूलतः उभे आहेत. असा उभा टंक यंत्राने नुसता तिरपा केला, तर वर्तुळाचे लंबवर्तुळ होते आणि रेषेची जाडी एका बाजूस वाढून दुसरीकडे घटते. हा कल लेखणीचा नव्हे, भूमितीचा असतो.

सारांश, खरा कलता शीर्षटंक घडवावयाचा तर रोमन नमुन्याऐवजी मोडीच्या हाताकडे वळले पाहिजे. १९२७ मध्ये धुळे येथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाच्या दप्तरांचे महत्त्व म्हणून केवळ मजकुरापुरते नाही. कागदपत्रांचे लिप्यंतर झाले म्हणजे मूळ कागदाचे काम संपले, ही समजूत निदान अक्षराच्या इतिहासापुरती तरी सोडून द्यावी लागते.