गिरगावातील बिऱ्हाड आणि भाडेपावती

गोमंतक, कारवार आणि दक्षिणोत्तर कानडा या भागांतून मुंबईस गेलेल्या आपल्या मंडळींचा इतिहास लिहू जाता देवळांचे जीर्णोद्धार, ज्ञातिसंस्था, पेढ्या आणि छापखाने यांचीच नोंद बहुधा आढळते. ज्या खोलीत हा सारा संसार उभा राहिला, त्या खोलीकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः गावच्या कुलदेवतेस जी माणसे दर वर्षी नेमाने वर्गणी पाठवीत, त्यांच्या मुंबईतील स्थैर्याचा आधार म्हणजे एक साधा कागद, भाडेपावती, हा होय. त्या कागदास कायद्याचे बळ कसे आले, हे पाहण्यासारखे आहे.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला आणि दाट वस्तीचा प्रश्न सरकारास प्रथम जाणवला. 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, कोंदट आळ्या मोकळ्या केल्या. परंतु प्रारंभीच्या वर्षांत त्याच्या हातून घरे पाडली गेली अधिक आणि बांधली गेली कमी. गिरणी, गोदी व कचेऱ्या यांकडे येणारा लोंढा तर थांबत नव्हता. पहिल्या महायुद्धात भाडी कडाडली, तेव्हा 1918 साली मुंबई सरकारास भाडेनियंत्रणाचा पहिला युद्धकालीन कायदा करावा लागला. तो तात्पुरता होता व पुढे तो मावळलाही.

त्याच सुमारास आपल्यापैकी काहींनी निराळा मार्ग काढला होता. पतपेढ्यांखेरीज अन्य सहकारी संस्थांस 1912 च्या कायद्याने वाट मोकळी करून दिली. तिचा लाभ घेऊन राव बहादूर श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने 1915 साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. तालमकींनी 1906 साली आपले गुरुतुल्य शामराव विठ्ठल यांच्या नावे सहकारी पेढी आधीच काढली होती. शिराळीच्या चित्रापूर मठाचे अनुयायी असलेल्या या लहानशा कोंकणीभाषी समाजाने हिंदुस्थानातील सहकारी गृहनिर्माणाच्या आरंभीच्या काळातच पुढाकार घेतला, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. योजना अशी की, इमारत संस्थेची, सभासद तिचे भाडेकरू. आणि संस्था सभासदांचीच असल्याने मालक व भाडेकरू हा भेदच उरत नाही. अशा घरात भाडे वाढविणारा परका मालक नाही आणि घर सोडा म्हणणाराही नाही. परंतु ही सोय ज्यांस भाग घेण्याइतकी शिल्लक होती, त्यांचीच. खानावळीत जेवून चाळीच्या गॅलरीत पथारी टाकणाऱ्या कारकुनास तिचा काय उपयोग?

त्याच्या वाट्यास आली ती चाळ. जुनी माणसे सांगत की, दुसऱ्या महायुद्धापूर्वी गिरगावात ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लागत आणि मालक बिऱ्हाडकरूची मनधरणी करी. युद्ध सुरू होताच चित्र पालटले. 1939 पासून निर्बंध येत गेले आणि अखेर 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. तो 1948 च्या फेब्रुवारीत अंमलात आला. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे ठरले. भाडे नियमाने देणाऱ्यास मालक सहसा काढू शकत नसे, आणि भाडेकरू निवर्तल्यास त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जाई. विधवा सुनेस अथवा अज्ञान पोरास रस्त्यावर यावे लागले नाही, ते या कलमामुळे. या कायद्यावर टीका करणाऱ्यांनी एवढे तरी स्मरणात ठेवावे.

एक कलम मात्र आपल्या लोकांस विशेष जाचक होते. सबळ कारणावाचून जागा सलग सहा महिने वापराविना राहिली तर मालकास ताबा मागता येई. चतुर्थीस गावी जावे, मग जत्रा आटोपावी, मग घरातील एखादे दुखणे निघावे, असे करता करता महिने सरत. म्हणून भाच्यास अथवा पुतण्यास खोलीत ठेवून जाण्याची रीत पडली. कित्येक मुलांचे मुंबईतील शिक्षण या रीतीमुळेच झाले असेल!

भाडे गोठले, पण जागेची किंमत गोठेना. मग पगडी आली. नव्या भाडेकरूने रोख रक्कम द्यायची, त्यातील काही हिस्सा मालकाने घ्यायचा, उरलेला जाणाऱ्याने, आणि पावती नव्या नावावर व्हायची. 1947 च्या कायद्याने ही देवघेव गुन्हा ठरविली होती. तरी तिच्यावाचून संरक्षित जागा मिळणे दुरापास्त झाले. ज्या कायद्याने गरिबास आसरा द्यायचा, त्याच्याच छायेत जागा श्रीमंताखेरीज कोणास मिळेना, हा प्रकार विपरीत खरा. मालकांनी अकरा महिन्यांच्या परवान्याची तोडही शोधली. 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांस कायद्याने भाडेकरू मानले, त्यानंतरच्यांस तो आधार नाही.

दुसरीकडे दहा-पंधरा रुपये भाड्यात कौले कशी बदलावीत? इमारती खचू लागल्या. 1969 साली दुरुस्तीसाठी उपकर बसविण्यात आला, तेव्हा बेट-मुंबईतील 19,642 इमारती त्याच्या कक्षेत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये गोठविलेले भाडे आता वाजवी राहिले नसल्याचे म्हटले. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, 1999 लागू झाला. त्याने वर्षास चार टक्के वाढ मान्य केली आणि पगडीस उघड मान्यता दिली. आज गिरगावात संरक्षित खोली शोधणारा मनुष्य पगडीचीच जागा शोधत असतो. लीव्ह अँड लायसन्सच्या जागेस ते संरक्षण नाही.

या कथेत देवस्थानांचे स्थान अवघड आहे. मुंबईतील कित्येक देवस्थाने व धर्मादाय विश्वस्तसंस्था स्वतःच चाळींच्या मालक आहेत. दात्याने नंदादीपासाठी चाळ अर्पण केली, पण तिचे भाडे 1940 च्या आकड्यावर थांबले आणि तेलाचा भाव थांबला नाही. भाडेकरू मात्र त्याच देवाचे भक्त! विश्वस्तांनी ताब्याचा दावा लावला म्हणजे भक्तगण दुखावतो, न लावला तर पूजेचा खर्च भागत नाही. गोव्यात मुंडकारांविषयीच्या 1975 च्या कायद्याने देवस्थान आणि त्याच्या जमिनीवर राहणारा मुंडकार यांच्यात हाच पेच उभा केला. माझ्या मते भाडे कालमानाने वाढविण्यास भक्तांनी आपण होऊन संमती द्यावी. ताबा मागण्यापूर्वी ही वाट विश्वस्तांनी चोखाळावी. चाळ विकावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागतेच. आणि पुनर्विकासाच्या वेळी प्रथम विचारणा होते ती पावती कोणाच्या नावे आहे, याचीच. आजोबांच्या नावाची पावती अद्याप बदलून न घेतलेली घरे गिरगावात थोडी नाहीत.