हिशेब कोणी मागायचा? लहान गावाचा पैसा आणि लहान गावाचा नकाशा



आपल्यापैकी बरेच जण तालुक्याच्या गावांतून ही व्याख्यानं ऐकतात, म्हणून आज सुरुवात तिथल्याच एका फलकापासून करू. नवा रस्ता झाला, गटार झालं, चौकाचं सुशोभीकरण झालं की शेजारी फलक लागतो. वर फोटो आणि खाली मजकूर, की अमुक यांच्या प्रयत्नांतून इतक्या लाखांचा निधी. आपण तो वाचतो आणि मनात म्हणतो, चला, यांनी गावासाठी काहीतरी आणलं. निधी 'आणला' जातो, हे क्रियापद जरा लक्षात ठेवू या. बाहेरून कुणी आणून दिलेल्या वस्तूचा हिशेब आपण मागत नाही. भेटीची किंमत विचारू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

तर आजचा प्रश्न असा, की गावाच्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क कोणाचा? जो कर भरतो त्याचा, की जो गावात राहतो त्याचा? आणि हिशेब म्हणजे फक्त झालेल्या खर्चाचा, की होणाऱ्या गावाचाही? हा प्रश्न आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचा आहे.

सुरुवात १८५० पासून करू. त्या वर्षीच्या सव्विसाव्या कायद्याने गावांना नगरपालिका स्थापन करण्याची मुभा दिली. सक्ती नव्हती, रहिवाशांची तयारी हवी होती. मुंबई इलाख्यातल्या बऱ्याच गावांनी ती दाखवली. सोलापूर आणि पनवेलच्या नगरपालिका १८५२ च्या. सभासद सरकारने नेमलेले असत आणि सूत्रं सरकारी अधिकाऱ्याच्या हाती असत. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या कायद्याखाली अप्रत्यक्ष कर बसवता येत होता, आणि आपल्या इलाख्यातल्या गावांनी प्रामुख्याने जकातीचा रस्ता धरला.

ते समजण्यासारखं होतं. घरपट्टी वसूल करायला दारोदार जावं लागतं आणि दारात भांडण होतं. जकात वेशीवरच्या नाक्यावर गोळा होते. व्यापारी ती भरतो आणि गुळाच्या, तुपाच्या, जळणाच्या भावात मिसळून टाकतो. विकत घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही. परिणाम असा झाला, की गावातला प्रत्येक माणूस, अगदी मोलमजुरी करणारासुद्धा, नगरपालिकेला पैसे देत होता आणि आपण देतो हे त्याला ठाऊक नव्हतं. हिशेब मागण्याची सवय न लागण्याचं एक मूळ आम्हाला इथे दिसतं.

याच्या उलट घडलं मुंबईत. १८६५ च्या कायद्याने तिथे एका आयुक्ताच्या हाती बराच अधिकार आला आणि आर्थर क्रॉफर्ड त्या जागेवर बसले. त्यांनी शहर स्वच्छ केलं, रस्ते केले, मंडई बांधली. पण त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाची तेजी कोसळली, आणि खर्च व कर मात्र चढेच राहिले. घरमालकांच्या हातात कराचं बिल प्रत्यक्ष येत होतं, त्यामुळे राग साठत गेला आणि १८७१ मध्ये करदात्यांचं मोठं आंदोलन उभं राहिलं. तेव्हा तरुण असलेल्या फिरोजशहा मेहतांनी त्या गदारोळात एक अप्रिय भूमिका घेतली. दोष एकट्या क्रॉफर्डचा नाही, त्याच्यावर देखरेख करणारे लोक कुणाला जबाबदार नाहीत, त्यांना करदात्यांनी निवडून दिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांचं मंडळ आलं आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले.

हा मोठा विजय होता, पण त्याच्या पोटात एक मर्यादा होती. हक्क करदात्याचा म्हणून मिळाला. ज्याच्या नावावर बिल निघत नाही, तो या हिशेबाच्या बाहेर राहिला. जकातीतून तो देत असलेला पैसा कुणीच त्याच्या खात्यावर मांडला नाही.

आता पुण्याला येऊ. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. ते समाजसुधारक म्हणून आपल्याला माहीत असतात. ते बांधकामाचे कंत्राटदारही होते, आणि सरकारी बांधकामांत अधिकारी व कारकून मिळून कशी लूट करतात यावर त्यांनी लिहिलंही आहे. म्हणजे बिल कसं वाचायचं हे त्यांना कळत होतं. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. फुले म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मत घेतलं तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधात एकटे फुले होते. नव्या मंडईवरच्या मोठ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे, हा इतिहासाचा खोडकरपणा म्हणू या.

इथे जरा थांबू, कारण युक्तिवाद बदललेला आहे. मुंबईचा करदाता विचारत होता, माझा पैसा जास्त का गेला? फुले विचारत होते, पैसा कशासाठी गेला आणि कुणाची गरज मागे राहिली? हजार रुपयांच्या खर्चात गैरव्यवहार असेल असा त्यांचा आरोपच नव्हता. सगळ्या पावत्या चोख असत्या तरी त्यांनी विरोध केला असता. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं, तर हक्काचा आधार देणेकऱ्याकडून गरजवंताकडे सरकला. त्यांचं म्हणणं बहुमतापुढे हरलं, पण हा प्रश्न आपल्याला तिथून मिळाला.

लॉर्ड रिपन यांचा १८ मे १८८२ चा ठराव आपण शाळेत शिकलो आहोत. स्थानिक स्वराज्याचा हेतू कारभार सुधारण्यापेक्षा लोकांचं राजकीय शिक्षण हा आहे, असं त्यात म्हटलं होतं. मुंबई इलाख्यात १८८४ चा कायदा आला, निवडून आलेले सभासद वाढले. पण मताधिकार मालमत्तेला आणि कराला बांधलेलाच राहिला. प्रत्येक प्रौढाला मत मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं.

आतापर्यंत आपण पैशाचं बोललो. आता जमिनीकडे वळू, कारण गावाचा दुसरा हिशेब जमिनीवर लिहिला जातो. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटिश गृहस्थ भारतातली गावं पायी हिंडत होते. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक. त्यांचा आग्रह असा, की उपचाराआधी निदान करा. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यात पैसा फार जातो आणि माणसं उठवली जातात. त्यापेक्षा एखादं पडकं घर काढा, बोळ मोकळा करा, विहीर साफ करा.

होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी एक गंमत केली. एका दिवसासाठी त्यांना महाराजांचा मान देण्यात आला, आणि त्यांनी जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागात लोक सगळ्यात जास्त घरं साफ आणि दुरुस्त करतील, त्या भागातून जाईल. प्लेगचे दिवस होते. लोक कामाला लागले आणि गाडेच्या गाडे कचरा बाहेर पडला. गेडीस यांचा इंदूरवरचा अहवाल १९१८ चा. त्यातला विचार ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'मध्येही सापडतो, की घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला अधिक कळतं.

मात्र आपल्या कायद्यांनी पैसा आणि नकाशा यांना वेगळ्या खोल्यांत बसवलं. १९३० पासून स्थानिक निधीच्या लेखापरीक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे. लेखापरीक्षक येतो, पावती, निविदा, ठराव तपासतो, आक्षेप काढतो आणि जातो. नकाशाचा कायदा वेगळा, १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्यात नागरिकाला मोलाचा अधिकार आहे. विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तीस दिवसांत त्या द्यायच्या, आणि समितीपुढे त्यांची सुनावणी होते. शिवाय लहान नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली आणि शासनाच्या अनुदानावरचा भर वाढला. म्हणजे आपला पैसा आपल्यापासून आणखी एक पाऊल लांब गेला. 'निधी आणला' ही भाषा इथे फोफावली.

या दोन खोल्यांमधल्या भिंतीने काय होतं, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. एका लहान गावात आम्ही काही निवृत्त मंडळी संध्याकाळी जमत असू. आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा आमच्यापैकी प्रत्येकाने जाऊन नकाशा पाहिला आणि प्रत्येकाने स्वतःचं घर शोधलं. रस्तारुंदीत कुणाचा ओटा जातो, कुणाची भिंत जाते, एवढ्याच हरकती आम्ही दिल्या. शाळेमागच्या मोकळ्या जमिनीवर खेळाचं मैदान म्हणून आरक्षण होतं. ते पाहून बरं वाटलं आणि आम्ही घरी आलो.

पण आरक्षण म्हणजे मैदान नव्हे. त्या कायद्याचं कलम १२७ असं सांगतं, की आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत, आता ती चोवीस महिन्यांची आहे, नगरपालिकेने जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हे न्याय्यच आहे. त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? आमच्या गावात तसंच झालं. नोटीस आली, मुदत गेली, मैदान गेलं, प्लॉट पडले. नंतर आम्ही जुनी अंदाजपत्रकं मागवून पाहिली. स्वागतकमान होती, चौकातलं कारंजं होतं. भूसंपादनाच्या शीर्षाखाली वर्षानुवर्षं काहीच नव्हतं, किंवा नावापुरती रक्कम होती. लेखापरीक्षणात याबद्दल एक ओळ नव्हती, आणि असण्याचं कारणही नव्हतं. कमानीची पावती होती. न केलेल्या खर्चाची पावती नसते, त्यामुळे तो कुणाच्या तपासणीत येत नाही. दोष आमचाही होता. दहा वर्षं आमच्यापैकी एकानेही नकाशा आणि अंदाजपत्रक एका टेबलावर ठेवून वाचलं नव्हतं.

कागद आणि जमीन एकत्र वाचण्याचा धडा आपल्याला राजस्थानातल्या अर्धशिक्षित मजुरांनी दिला. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ ला कोट किराना इथे पहिली जनसुनावणी घेतली. हजेरीपटावरची नावं गावासमोर मोठ्याने वाचली गेली. त्यात मेलेली माणसं निघाली, कधी कामावर न गेलेली निघाली. कागदावर पुरी झालेली कामं जागेवर अर्धवट होती. लेखापरीक्षकाला जे दिसलं नसतं ते गावाला लगेच दिसलं, कारण गाव तिथे राहत होतं. पुढे ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर या लहान शहरात चाळीस दिवस धरणं चाललं. शहरातल्या भाजीवाल्यांनी, दुकानदारांनी आंदोलकांना शिधा दिला. घोषणा होती, 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. त्या धरण्यातल्या बहुतेकांच्या नावावर कराचं बिल नव्हतं, तरी ते 'हमारा पैसा' म्हणत होते. मुंबईच्या करदात्याचं वाक्य आणि फुल्यांचा प्रश्न इथे एकत्र आले असं आम्हाला वाटतं. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे राज्याचा कायदा आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहितीचा अधिकार लागू झाला.

आता कागद मागता येतो, पण कोणता मागायचा हे ठरवावं लागतं. आपल्या सवयीप्रमाणे आपण झालेल्या खर्चाचे कागद मागतो, चोर पकडायला निघतो. ते करावंच. पण लहान गावाचं मोठं नुकसान पुष्कळदा चोरीविना होतं. म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या गावच्या आराखड्यातली आरक्षणांची यादी घ्या. प्रत्येक जागेपुढे तीन रकाने आखा: ताब्यात आली का, दहा वर्षं कधी पुरी होतात, आणि यंदाच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी किती तरतूद आहे. यादी अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी नगरसेवकांच्या हातात द्या, नंतर देऊन उपयोग नाही. हे काम चार माणसांचं आणि दोन रविवारांचं आहे.

एक इशारा मात्र हवा. २०१४ नंतर महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती झाल्या. त्याबरोबर तिथली ग्रामसभा संपली. ग्रामसभेत कितीही गोंधळ होत असला तरी कुणीही उठून विचारू शकत होता. गाव मोठं झालं आणि विचारण्याची जागा लहान झाली. ती जागा आता आपल्यालाच तयार करावी लागेल, वाचनालयात, देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या वर्गात.

आणि तिथे जमलेल्यांपैकी कुणी म्हणालं, की तुम्ही कर किती भरता, म्हणून विचारता? तर सांगावं, आम्ही इथे राहतो. हे उत्तर पुरेसं आहे. ते पुरेसं ठरायला पावणेदोनशे वर्षं लागली आहेत, एवढं लक्षात ठेवू, आणि पुढच्या फलकावर 'आणला' वाचलं की घरी जाऊन यादी काढू.