लागू, रीमा

लागू, रीमा : (२१ जून १९५८–१८ मे २०१७). मराठी व हिंदी रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत सुमारे चार दशके कार्यरत असलेल्या ख्यातनाम चरित्र अभिनेत्री. मूळ नाव नयन भडभडे. त्यांचा जन्म मुंबई येथे झाला. त्यांच्या मातोश्री मंदाकिनी भडभडे ह्या मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या. वसंत कानेटकर यांच्या लेकुरे उदंड जाली या नाटकातील त्यांचे काम रसिकांच्या विशेष परिचयाचे होते. घरातील नाट्यसंस्कारांमुळे रीमा यांना अभिनयाची गोडी लहानपणीच लागली. त्यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागा शाळेत झाले. १९७८ मध्ये अभिनेते विवेक लागू यांच्याशी त्यांचा विवाह झाला व पुढे रीमा लागू याच नावाने त्या ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांची कन्या मृण्मयी लागू ह्या पटकथालेखिका म्हणून परिचित आहेत.

मुंबईतील कलावंतांच्या एका पिढीप्रमाणे रीमा यांनीही आरंभीची अनेक वर्षे नोकरी व अभिनय यांची सांगड घातली. १९७९ च्या सुमारास त्या युनियन बँक ऑफ इंडियाच्या सेवेत आल्या. त्या काळी बँकांतून आंतरबँक नाट्यस्पर्धा व सांस्कृतिक कार्यक्रम उत्साहाने होत आणि व्यावसायिक रंगभूमीला त्यांतून अनेक नट मिळाले. रीमा यांनीही दीर्घकाळ या कार्यक्रमांत भाग घेतला. व्यावसायिक रंगभूमीवर जयवंत दळवी यांच्या पुरुष या नाटकातील त्यांच्या भूमिकेने जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. घर तिघांचं हवं, सविता दामोदर परांजपे, बुलंद, झालं एकदाचं, चल आटप लवकर, सासू माझी ढासू ही त्यांची अन्य उल्लेखनीय नाटके. गंभीर आणि विनोदी अशा दोन्ही प्रकारच्या नाटकांतून त्या सहजतेने वावरल्या. संवादातील विरामाचे अचूक भान, स्वच्छ शब्दोच्चार व सहकलावंताच्या बोलण्याला तत्काळ दिलेला प्रतिसाद हे त्यांच्या अभिनयाचे गुण रंगभूमीवरच घडले आणि पुढे दूरचित्रवाणीवर तेच त्यांच्या यशाचे भांडवल ठरले.

चित्रपटसृष्टीत त्यांचा प्रवेश समांतर चित्रपटांच्या वाटेने झाला. जब्बार पटेल यांचा सिंहासन (१९७९), गोविंद निहलानी यांचा आक्रोश (१९८०) आणि श्याम बेनेगल यांचा कलयुग (१९८१) या चित्रपटांत त्यांनी छोट्या परंतु लक्षात राहणाऱ्या भूमिका केल्या. व्यावसायिक हिंदी चित्रपटांतील त्यांचे स्थान मात्र कयामत से कयामत तक (१९८८) या चित्रपटाने निश्चित झाले. त्यात त्या नायिकेची आई झाल्या, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. त्यापाठोपाठ आलेल्या मैंने प्यार किया (१९८९) या चित्रपटात त्या सलमान खान यांच्या आईच्या भूमिकेत दिसल्या. प्रत्यक्षात दोघांच्या वयांत साडेसात वर्षांचेच अंतर होते. साजन (१९९१) व वास्तव (१९९९) या चित्रपटांत त्या ज्यांची आई झाल्या, ते संजय दत्त त्यांच्याहून जेमतेम एक वर्षाने लहान. गुमराह (१९९३) मध्ये त्यांच्या मुलीची भूमिका करणाऱ्या श्रीदेवी यांच्याहूनही त्या केवळ पाच वर्षांनी वडील होत्या.

वयाची ही विसंगती हा केवळ योगायोग नव्हता. हिंदी चित्रपटात नायक चाळिशी ओलांडल्यावरही नायकच राहतो. अभिनेत्रीला मात्र तिशीनंतर नायिकेच्या भूमिका क्वचितच मिळतात आणि तिच्यासमोर वहिनी व आई या दोनच वाटा उरतात, असा प्रघात दीर्घकाळ रूढ होता. नायकाच्या आईची भूमिका त्यापूर्वी दुर्गा खोटे, सुलोचना, निरूपा रॉय इ. अभिनेत्रींनी गाजविली होती. त्या परंपरेतील आई बहुधा दरिद्री, सोशिक व अश्रू ढाळणारी असे. रीमा यांनी रंगविलेली आई सुखवस्तू, नीटनेटकी, हसतमुख आणि मुलांशी मैत्रिणीप्रमाणे बोलणारी आहे. १९९० नंतर शहरी मध्यमवर्गाच्या राहणीत जे बदल होत होते, त्यांचे प्रतिबिंब या आईत पडलेले दिसते. हम आपके हैं कौन (१९९४), कुछ कुछ होता है (१९९८), हम साथ साथ हैं (१९९९), कल हो ना हो (२००३) हे त्यांचे या प्रकारातील अन्य लोकप्रिय चित्रपट. त्यांपैकी हम साथ साथ हैं मधील आई ही रामायणातील कैकेयीच्या धर्तीवर बेतलेली असून सावत्र मुलाविषयी तिच्या मनात निर्माण होणारे किल्मिष त्यांनी संयमाने व्यक्त केले आहे. महेश मांजरेकर दिग्दर्शित वास्तवमध्ये गुन्हेगारीत रुतलेल्या मुलाला त्याच्या यातनांतून सोडविण्यासाठी स्वतःच्या हाताने गोळी घालणारी आई त्यांनी साकारली. मदर इंडिया (१९५७) या चित्रपटातील आईही मुलावर गोळी झाडते. तथापि तेथील आई गावाच्या अब्रूसाठी शस्त्र उचलते, तर वास्तवमधील आई मुलाच्या करुणेपोटी. मैंने प्यार किया, आशिकी (१९९०), हम आपके हैं कौन आणि वास्तव या चार चित्रपटांसाठी फिल्मफेअर पुरस्काराच्या सहायक अभिनेत्री विभागात त्यांना नामांकन मिळाले.

चित्रपटाने त्यांना अकाली वृद्धत्व दिले. त्यांच्यातील विनोदी अभिनेत्रीला वाव दिला, तो दूरचित्रवाणीने. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले असले, तरी हिंदी मालिकांचे युग १९८४ मधील हम लोग या मालिकेपासून अवतरले. या नव्या माध्यमाला नामवंत तारे परवडणारे नव्हते व त्यांची निकडही नव्हती. घरातील दिवाणखाना, मोजकी पात्रे, संवादांवर भर आणि चेहऱ्याचे निकटचे चित्रण ही मालिकेची सामग्री असल्यामुळे रंगभूमीवर तयार झालेल्या नटनट्यांना तेथे मागणी आली. मराठी अभिनेत्रींचा वाटा त्यात मोठा होता. रामायण (१९८७-८८) या मालिकेत ललिता पवार यांची मंथरा गाजली. दुर्गा खोटे यांच्या निर्मितिसंस्थेच्या वागले की दुनिया (१९८८) या मालिकेत भारती आचरेकर यांनी सामान्य कारकुनाची पत्नी लोकप्रिय केली. रीमा ह्या याच प्रवाहातून खानदान (१९८५) या मालिकेत आल्या.

श्रीमान श्रीमती (१९९४) या विनोदी मालिकेतील कोकिला कुलकर्णी ऊर्फ कोकी ही त्यांची दूरचित्रवाणीवरील पहिली अतिशय लोकप्रिय भूमिका. शेजारी राहणाऱ्या दोन जोडप्यांतील प्रत्येक पतीला दुसऱ्याच्या पत्नीचे आकर्षण वाटते, या कल्पनेवर ती रचलेली होती. जतीन कनाकिया, राकेश बेदी व अर्चना पूरणसिंग यांच्या अतिरंजित विनोदाच्या शेजारी रीमा यांनी कोकीला साधी व विश्वसनीय ठेवले. त्यामुळे इतरांच्या चाळ्यांना एक तोल लाभला. येथे त्या मालिकेतील चार प्रमुख पात्रांपैकी एक होत्या, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. याच वर्षी हम आपके हैं कौन या चित्रपटात त्या दोन विवाहयोग्य मुलींच्या आईच्या भूमिकेत होत्या.

सचिन पिळगावकर दिग्दर्शित तू तू मैं मैं (१९९४–२०००) या मालिकेने त्यांची कीर्ती कळसास पोहोचविली. देवकी वर्मा ही सासू आणि राधा ही सून (सुप्रिया पिळगावकर) यांच्यातील नित्याची शाब्दिक चकमक हा तिचा विषय. दोन्ही अभिनेत्रींच्या वयांत नऊ वर्षांचेच अंतर होते. सासू-सुनेचे भांडण हा ओव्या, भारुडे व लोकनाट्ये यांतून चालत आलेला विषय. तथापि लोकसाहित्यातील खाष्ट सासूहून देवकी निराळी आहे. ती कुरघोडी करते, टोमणे मारते, हरली म्हणजे रुसते आणि प्रसंग पडल्यास सुनेच्या बाजूने उभीही राहते. भांडण बरोबरीच्या दोन व्यक्तींत रंगते, म्हणूनच ते हास्यकारक होते. टोमणा मारण्यापूर्वीची क्षणभराची स्तब्धता, डोळ्यांच्या कडेने घेतलेला अंदाज आणि पदर सावरीत केलेली माघार अशा बारीकसारीक हालचालींतून रीमा यांनी ही भूमिका उभी केली. पुढे कडवी खट्टी मीठी (२००६) या मालिकेतून तिचा उत्तरार्ध सादर करण्यात आला.

२००० नंतर मालिकांचे स्वरूप पालटले. साप्ताहिक भागांची जागा दैनिक भागांनी घेतली आणि गोरेगावच्या चित्रनगरीबरोबरच मीरा-भाईंदर, घोडबंदर व नायगाव या परिसरांत चित्रीकरणाचे स्टुडिओ उभे राहिले. हास्यप्रधान भांडणाची जागा कटकारस्थानांनी व ठसठशीत खलपात्रांनी घेतली. या काळात रीमा यांनी मराठी चित्रपटांकडे अधिक लक्ष दिले. रेशमगाठ (२००२), जन्म (२०११), अनुमती (२०१३), जाऊं द्या ना बाळासाहेब (२०१६) हे त्यांपैकी काही चित्रपट होत. झी मराठी वाहिनीवरील तुझं माझं जमेना (२०१३) या मालिकेत त्यांनी सासूची भूमिका पुन्हा एकदा नव्या संदर्भात रंगविली. स्टार प्लस वाहिनीवरील नामकरण (२०१६) या मालिकेतील दयावंती मेहता ही त्यांची अखेरची भूमिका. वात्सल्यमूर्ती आई म्हणून सर्वपरिचित असलेल्या या अभिनेत्रीने येथे कठोर व सूडबुद्धीची आजी साकारली.

चरित्र अभिनेत्रीचे काम प्रायः दुसऱ्याच्या कथेला आधार देण्याचे असते व तिचे मोलही त्याच मापाने ठरविले जाते. रीमा लागू यांच्या कारकीर्दीत या समजुतीच्या दोन्ही बाजू दिसून येतात. चित्रपटाने त्यांना अफाट प्रसिद्धी दिली, परंतु एकाच नात्यात बांधून ठेवले. रंगभूमी व दूरचित्रवाणी यांनी पत्नी, सासू, प्रतिस्पर्धी, खलपात्र अशी विविध रूपे त्यांना दिली. चरित्र अभिनेत्री ही कथेच्या केंद्रस्थानी राहू शकते, हे त्यांच्या दूरचित्रवाणीवरील कामगिरीने सिद्ध केले.

मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत त्या नामकरणच्या चित्रीकरणात सहभागी होत्या. मुंबई येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मालिकेतील दयावंतीची भूमिका पुढे रागिणी शाह यांनी केली.