पानात टाकू नये

बरेच दिवसांत काही लिहिलं नाही. नातेवाईक फोनवर विचारतात, "नाना, तब्येत बरी आहे ना?" माझी बरी आहे. आज विषय आहे तो पुतणीच्या तब्येतीचा. तिला विचारूनच लिहितो आहे.

गेल्या दिवाळीत ती केदारखेड्याला आली होती. सगळे जेवायला बसलो. तिने अर्धी पोळी, वाटीभर घट्ट वरण, थोडी भाजी खाल्ली आणि ताटात उरलेलं तसंच ठेवून हात थांबवला. पंगतीत एकदम शांतता. आमच्या घरात पानात टाकलेलं चालत नाही. हा नियम माझाच. मुलं, सुना, नातवंडं सगळ्यांना तो पाठ. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण सहा महिन्यांपूर्वी तिचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि "पोट भरलं की त्या घासाला थांबायचं" हा तिच्या डॉक्टरांचा पहिला नियम.

एका ताटावर दोन नियम. दोन्ही कुठून आले ते शोधायला बसलो.

माझा नियम बहात्तरच्या दुष्काळातला. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ रोजी झाला. आमचा भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. मी एकवीस वर्षांचा, बी.ए. करत होतो. सुट्टीत गावी आलो की खडी फोडायच्या कामावर जायचो. विहिरी आटलेल्या, जनावरं कवडीमोलाने विकलेली. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणायचे. तिची भाकर थापताना मोडायची. कामावर सुकडी वाटायचे. आई ती पदरात बांधून घरी आणायची आणि धाकट्यांना द्यायची. त्याच दुष्काळातल्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. ज्याने ते वर्ष पाहिलं त्याला ताटात उरलेला तुकडा बघवत नाही. त्यात माझी काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही.

आता गंमत पाहा. त्याच १९७२ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी पोटाला बारीक छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहायला सुरुवात केली. आपल्या देशात दुर्बिणीच्या तपासणीची ती सुरुवात. त्यांनीच १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं भारतातलं पहिलं ऑपरेशन केलं. पुतणीच्या पोटावर आज ज्या चार-पाच बारीक खुणा आहेत, त्यांची वाट तिथून निघते. इकडे आम्ही सुकडीच्या रांगेत उभे होतो, तिकडे ही वाट पडत होती. कुणाला काय कल्पना!

वजनाच्या ऑपरेशनचा इतिहास त्याहून जुना. १९५४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळायची पद्धत मांडली. खाल्लेलं अंगी लागायचंच नाही. वजन उतरायचं, पण सोबत जुलाब, मुतखडे, यकृताचा बिघाड. शेवटी ती पद्धत सोडून द्यावी लागली. मग आयोवाचे डॉ. एडवर्ड मेसन यांचं लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेलं. अल्सरसाठी ज्यांचं निम्मंअधिक जठर काढलेलं असतं, त्यांचं वजन पुन्हा सहज वाढत नाही. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडली. तो गॅस्ट्रिक बायपास. १९९४ मध्ये तोच दुर्बिणीतून होऊ लागला.

पुतणीचं झालं ते 'स्लीव्ह'. शर्टाच्या बाहीसारखी जठराची अरुंद नळी ठेवायची आणि बाकीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकायचा. आधी ही एका मोठ्या ऑपरेशनची फक्त पहिली पायरी होती. फार धोक्याच्या रुग्णांचं तेवढंच करून थांबायचे. पुढे लक्षात आलं की बऱ्याच जणांना तेवढंच पुरतं. शिवाय भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक, जे जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलं, ते मुख्यतः जठराच्या त्याच काढलेल्या भागात तयार होतं. म्हणजे नुसतं पोट लहान होत नाही, भुकेची हाकही मंदावते.

हे वाचलं आणि मी गप्प झालो. कारण वीस वर्षं मी तिला एकच सांगत आलो होतो, "दोन घास कमी खा, सकाळी शेतापर्यंत चालत जा." लग्नकार्यात तिच्यावरून झालेल्या थट्टेत मीही हसलो आहे. ऑपरेशनचं काढलं तेव्हा मी चिडून म्हणालो, "धडधाकट पोट कापून घेणार? जिभेवर ताबा ठेव." ती शांतपणे म्हणाली, "नाना, वीस वर्षं तेच करतेय. चार वेळा वीस-वीस किलो उतरवलेत. दर वेळी परत आले. तुम्ही फक्त परत आलेले बघता." तेव्हा तिला मधुमेह होता, गुडघे गेले होते, रात्री झोपेत श्वास अडकायचा. वय अडतीस.

आमच्या पिढीला वाटतं, उपाशी राहिलेल्या घरात लठ्ठपणा आला म्हणजे माज आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचलं आणि हा समज ढासळला. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं बारीक असली तरी त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होतं ते स्नायू आणि बाकीचं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' साप्ताहिकात त्यांनी आपला आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा जोडीने फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी साहेबांची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२. म्हणून आपल्याकडचे डॉक्टर लठ्ठपणाची रेषा खाली धरतात. २००९ च्या भारतीय शिफारशींत ऑपरेशनचा विचार ३७.५ ला आणि मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ ला सुरू होतो. विम्याच्या प्रमाणित नियमांत मात्र तो आकडा ४० आणि ३५ आहे. पुतणी ४१ वर होती.

मी विरोधासाठी इमान अहमदचं उदाहरण पुढे केलं होतं. आठवत असेल, फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून विमानाने आणून, क्रेनने उचलून तिला मुंबईच्या सैफी रुग्णालयात ठेवलं होतं. वजन सुमारे ५०० किलो सांगत. कित्येक वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. महिनाभर पातळ आहार देऊन आधी वजन उतरवलं, मग ७ मार्चला डॉ. मुफझल लकडावाला यांनी स्लीव्ह केलं. नंतर वजन किती उतरलं यावरून कुटुंब आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला. मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबरला ती तिथे गेली. "बघ, काय झालं," मी म्हणालो. पुतणी म्हणाली, "नाना, ती फार उशिरा पोचली. मला त्याआधी जायचंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तयारी सुरू झाली. ऑपरेशनच्या तयारीला इतके दिवस लागतात हे मला माहीतच नव्हतं. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, दुर्बीण घालून जठराची तपासणी, झोपेची तपासणी, हृदयाची तपासणी. मानसोपचारतज्ज्ञही भेटले. मी म्हणालो, "वेडी आहे का ती?" तर त्यांनी विचारलं होतं, "दुःख झालं की काय खाता?" हा प्रश्न घरात तिला कधी कुणी विचारला नव्हता. शेवटचे दोन आठवडे पोळी, भात, साखर बंद. मुख्यतः प्रथिनाचं पेय आणि सूप. का, तर यकृतातली चरबी उतरून ते आक्रसतं आणि डॉक्टरांना जठरापर्यंत पोचायला जागा होते. तीन चेंडूंच्या प्लास्टिकच्या खेळण्यात श्वास ओढायचा व्यायाम. माझी नातही तिच्यासोबत चेंडू वर करायची.

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी तिला चालवलं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पहिले दिवस घोट घोट पाणी, नारळपाणी, वरणाचं निवळ. पेला भरून प्यायची सोय नाही, एकेक घोट मोजून. मग ताक, दूध, सूप. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ खिचडी. साध्या जेवणावर यायला दीड महिना गेला. जेवताना पाणी प्यायचं नाही, घास बारीक चावायचा, आधी प्रथिनं, मग बाकीचं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या मात्र जन्मभर. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तेव्हा ती रडली. एकदा म्हणाली, "नाना, भूक नाही याचं दुःख होईल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी काय करू तेच कळत नाही." मी काही न बोलता तिच्यासोबत नदीपर्यंत चालत गेलो.

आज ती तीस किलोंनी हलकी आहे, मधुमेहाची एक गोळी बंद झाली, रात्री शांत झोपते. दोन वर्षांनी थोडं वजन परत येऊ शकतं हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं आहे. हे ऑपरेशन सगळ्यांनी करावं असं मी अजिबात म्हणत नाही. आता आठवड्याला एक टोचायची औषधंही आली आहेत. ज्याचं त्याने डॉक्टरांना विचारून ठरवावं. मला एवढंच कळलं की, जे मी वर्षानुवर्षं जिभेच्या खात्यावर मांडत होतो, त्यातलं बरंचसं शरीराच्या खात्यावरचं होतं.

राहिला ताटाचा प्रश्न. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी सुनेला सांगितलं, हिला छोटी ताटली दे आणि वाढताना विचारून वाढ. लागलं तर ती पुन्हा घेईल. तेव्हापासून तिच्या पानात काही उरत नाही. नियम मोडला नाही, वाढणाऱ्याने हात आखडता घेतला इतकंच. बहात्तर साली असं काही म्हणालो असतो तर आईने वेड्यात काढलं असतं.

असो. फार लांबलं. तुमच्या घरात कुणी असं असेल, तर उपदेश करण्याआधी एकदा त्याला विचारा, आजवर किती वेळा प्रयत्न केलास म्हणून. मी फार उशिरा विचारलं.