मास्तरांची टिपणे

गेल्या उन्हाळ्यात किन्हवलीला गेलो, तेव्हा भाच्याने रात्री दिवे मालवून मला एक अमेरिकन भुताचा चित्रपट दाखवला. ‘द टेकिंग ऑफ डेबोरा लोगन’, २०१४ सालचा. मांडणी अशी, की जणू कुणाच्या कॅमेऱ्यातले चित्रण मागाहून सापडले आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या एका म्हातारीवर प्रबंध करायला वैद्यकाची विद्यार्थिनी येते, आणि हळूहळू कळते की आजाराच्या आड एका मेलेल्या खुनी डॉक्टराचे भूत आहे. भाचा उशी कवटाळून बसला होता. मी मात्र गप्प झालो. हीच गोष्ट मी लहानपणी आमच्या ओटीवर पाहिली होती, पण उलटी: आधी भूत, आणि पुष्कळ वर्षांनी उमगला तो आजार.

आमची आजी तिन्हीसांजा झाल्या की गाठोडे बांधून ‘मला घरी पोचवा’ म्हणे. आणि हे घरातच बसून! मुलाला दीर समजे, मेलेल्या बहिणीशी बोले. बाधा झाली असे ठरले. भगत आला, तांदूळ पाहिले, मिरच्यांची धुरी दिली. पुढे शेजारचे वासरू दगावले, तेव्हा ‘भुताळी’ हा शब्द कुजबुजत आमच्या दारापर्यंत आला. भुतापेक्षा त्या शब्दाची मला आजही अधिक भीती वाटते.

या चालीरीतींची जुनी नोंद शोधू लागलो, तर भेटले नाशिकचे कलेक्टर जॅक्सन! १९०९ च्या डिसेंबरात अनंत कान्हेऱ्यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या तेच. (शाळेत आपल्याला त्यांचा एवढाच परिचय होतो.) त्यांनी शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती जमवली होती. एन्थोव्हेन यांनी ती पुढे छापली. कोकणचा खंड १९१५ चा. त्यात ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांचीही टिपणे आहेत. भुतांच्या जाती, भगतांचे उपाय, सारे तपशीलवार. पण जिच्यावर ते उपाय चालले ती स्वतः काय म्हणाली, हे मला कुठे आढळले नाही.

१९०१ साली फ्रांकफुर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. आल्झायमर तिच्यापुढे बसून नाव विचारीत, नवऱ्याचे नाव विचारीत, आणि ती देईल ते उत्तर लिहून ठेवीत. १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू तपासला; १९१० साली क्रेपेलिन यांनी रोगाला त्यांचे नाव दिले. तिची हरवलेली फाइल १९९५ साली सापडली. खरे सापडलेले चित्रण ते! ठाण्याचे मनोरुग्णालयही १९०१ चेच, पण किन्हवलीला भगत अधिक जवळ होता.

भूत उतरवण्यासाठी मिरचीची धुरी देणे महाराष्ट्रात गुन्हा ठरायला २०१३ साल उजाडावे लागले. त्या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्टला मारले गेले, आणि मग अध्यादेश निघाला.

आमच्या घरची धुरी आईने थांबवली. शिधा देऊन तिने भगताला वाटेला लावले. मग रोज तिन्हीसांजेला ती आजीचे गाठोडे उचली, तिचा हात धरून आमच्याच घराला एक फेरी घाली, आणि पुढच्या दाराशी येऊन म्हणे, “आत्याबाई, आलं बघा तुमचं घर.” आजी पाय धुऊन आत येई.