लिनक्स वितरणांतील लायब्ररींच्या समांतर आवृत्त्या

अनेक आज्ञावलींना समान लागणारी कार्ये एकत्र संकलित केलेल्या फाइलीस सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणतात. लिनक्स वितरणात अशी लायब्ररी शक्यतो एकच ठेवून सर्व आज्ञावली ती सामायिकपणे वापरतात. त्यामुळे साठवणीची जागा वाचते व तीतील दोष एकाच ठिकाणी दुरुस्त करता येतो. मात्र नवी आवृत्ती जुनीशी सुसंगत नसल्यास जुन्या आज्ञावली बंद पडतात. म्हणून काही काळ दोन्ही आवृत्त्या समांतर ठेवणे भाग पडते.

लायब्ररीच्या फाइलीत तिचे नाव व सुसंगततेचा क्रमांक नोंदलेला असतो. आज्ञावली सुरू होताना त्याच क्रमांकाची फाइल शोधली जाते. इअन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन वितरणात हा क्रमांक पॅकेजच्या नावातच घालण्याची प्रथा रूढ झाली. परिणामी दोन आवृत्त्या ही दोन स्वतंत्र पॅकेजे ठरून एकाच संगणकावर नांदू शकतात.

या पद्धतीची कसोटी मूलभूत सी लायब्ररीच्या स्थित्यंतरात लागली. रेड हॅट ५.० (१९९७) व डेबियन २.० (१९९८) यांनी लिबसी५ सोडून लिबसी६ स्वीकारली. एकाच आज्ञावलीत दोन्ही एकत्र आल्यास ती कोसळण्याचा धोका होता. म्हणून लिबसीवर अवलंबून असलेल्या इतर लायब्ररीही नव्या नावाने पुन्हा बांधाव्या लागल्या. डेबियनने त्यांच्या नावांना ‘जी’ हे अक्षर जोडले. संक्षेपणाच्या झेडलिब लायब्ररीच्या ‘झेडलिब१जी’ या पॅकेजनामात ते अद्याप टिकून आहे.

समांतर प्रतींचे मोल २००२ मध्ये प्रत्ययास आले. झेडलिबमध्ये सुरक्षिततेचा दोष आढळला, तेव्हा सामायिक प्रत बदलणे सोपे होते. परंतु अनेक आज्ञावलींनी स्वतःच्या पोटात तिची प्रत बाळगली होती व त्या एकेक शोधून दुरुस्त कराव्या लागल्या. यामुळे वितरणे जादा आवृत्ती तात्पुरतीच ठेवतात. डेबियन ९ मध्ये (२०१७) सांकेतिकीकरणाच्या ओपनएसएसएल लायब्ररीच्या १.०.२ व १.१ या दोन्ही आवृत्त्या होत्या. डेबियन १० मध्ये (२०१९) जुनी वगळण्यात आली. बत्तीस-बिट संगणकांतील कालगणक १९ जानेवारी २०३८ रोजी अपुरा पडणार असल्याने २०२४ मध्ये शेकडो लायब्ररींची पुनर्बांधणी झाली व त्यांच्या नावांना ‘टी६४’ हा प्रत्यय लागला. पंचवीस वर्षांपूर्वीचीच युक्ती येथे पुन्हा उपयोगी पडली. निक्स प्रणालीने मात्र निराळा मार्ग धरला. तीत प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र मार्गनामाखाली साठवली जाते.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेचे बॉस हे भारतीय वितरण डेबियनवर आधारित असल्याने हीच रचना त्याच्याकडे वारशाने आली आहे. पनवेल येथे २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टा कंपनीच्या केंद्रासारख्या डेटा केंद्रांत अनेक ग्राहकांच्या जुन्या-नव्या आज्ञावली एकाच छपराखाली चालतात. अशा ठिकाणी जुनी आवृत्ती किती काळ ठेवावी, हा निर्णय सेवेचे सातत्य व सुरक्षितता या दोहोंशी निगडित असतो.