रीडेबिलिटी स्कोअर म्हणजे काय? आरोग्याची माहिती किती सोपी आहे, हे कसं मोजतात?

एखादा मजकूर वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे, हे आकड्यात सांगणारं माप म्हणजे रीडेबिलिटी स्कोअर. इंग्रजीतल्या आरोग्यपत्रकांसाठी 'स्मॉग' हे सूत्र बरंच वापरलं जातं. जी. हॅरी मॅकलॉफलिन यांनी ते १९६९ मध्ये मांडलं.

स्मॉग कसं काढतात?

१. मजकुराच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची प्रत्येकी १० वाक्यं घ्या.
२. त्यातले तीन किंवा जास्त सिलॅबलचे शब्द मोजा. सिलॅबल म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा.
३. त्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि त्यात ३ मिळवा.

समजा, असे ४९ शब्द सापडले. वर्गमूळ ७, अधिक ३, म्हणजे १०. हा मजकूर अमेरिकेतल्या दहावीच्या पातळीचा झाला. रुग्णांसाठीचं साहित्य सहावीच्या पातळीपेक्षा अवघड नसावं, अशी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शिफारस आहे. म्हणजे ३० वाक्यांत असे साधारण ९च शब्द चालतील.

मराठी मजकूर यात टाकला तर?

उत्तर चुकीचं येईल. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच लिहितो. त्यामुळे 'जेवणानंतर' हा सगळ्यांना कळणारा शब्द सूत्राला अवघड वाटेल. उलट 'मात्रा' दोनच सिलॅबलचा, म्हणून सोपा ठरेल. पण मात्रा म्हणजे डोस, हे प्रत्येकाला कळेलच असं नाही.

स्कोअर चांगला आला, की काम झालं?

तसंही नाही. औषधाच्या लेबलवर 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा तोंडाने घ्या' अशी इंग्रजी सूचना होती. तिच्यात तीन सिलॅबलचा एकही शब्द नव्हता. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी साक्षर रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ती बरोबर सांगितली. मात्र दिवसभरात किती गोळ्या घ्यायच्या, हे मोजून दाखवा म्हटल्यावर जेमतेम ३५ टक्के लोकांनाच चार गोळ्या दाखवता आल्या.

मग खरी चाचणी कोणती?

तिला 'टीच-बॅक' म्हणतात: वाचणाऱ्यानेच आपल्या शब्दांत सांगायचं किंवा करून दाखवायचं. घरी औषधाची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीत, तर 'समजलं का?' एवढंच विचारू नका. त्याला सगळेच 'हो' म्हणतात. त्याऐवजी म्हणा, 'आजी, आज दिवसभरात घ्यायच्या गोळ्या काढून दाखव बरं.' आजीची गोळी चुकली, तर आधी मेसेजची भाषा बदला.